थिओडोर की डोरोथी?
दोन्ही नावांतले ग्रीक शब्द तेच: ‘थिऑस’ म्हणजे देव, ‘डोरॉन’ म्हणजे देणगी. थिओडोरमध्ये देव आधी, डोरोथीत देणगी. अर्थ एकच, अगदी आपला देवदत्त! रशियात थिओडोरचा फ्योदोर झाला.

खेळण्यांच्या कपाटातही दोघं शेजारी बसतात. १९०२ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मिसिसिपीत शिकारीच्या वेळी झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. त्यावरून खेळण्यातल्या अस्वलाला थिओडोरचं लाडाचं नाव ‘टेडी’ मिळालं. इंग्रजीतला ‘डॉल’ त्याहून कितीतरी जुना. डोरोथीला लाडाने डॉल म्हणत, तेच नाव पुढे बाहुलीला चिकटलं.

मला डोरोथी जास्त आवडतं. पेनिसिलिनची रचना उलगडणाऱ्या, १९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या हॉजकिनबाईंचं नाव तेच.