तेरा पायऱ्यांचे ९७,१८० रुपये

आधी आकडे लिहितो. आगाऊ ४५,०००. लाकूड दारात आल्यावर ३८,०००. ब्रॅकेटच्या पावडर कोटिंगला ९,५००. केमिकल अँकरचे, म्हणजे भोकात रासायनिक मसाला भरून पक्क्या करायच्या बोल्टचे, ४,६८०. एकूण ९७,१८०. बदल्यात काय मिळालं, तर प्लायच्या तेरा फळ्या आणि भिंतीला सव्वीस भोकं.

बोरिवली-कांदिवलीच्या पट्ट्यातलं आमचं बैठं घर. माळ्यावर जायला लोखंडी शिडी, जवळजवळ उभीच. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, तिचे देव वर, त्यामुळे दिवसातून दोनदा ती चढणारच. म्हणून लाकडी जिना करायचं ठरवलं. भिंतीला लोखंडी अँगलचे ब्रॅकेट, दुसऱ्या बाजूला तिरपी फळी, तिलाही ब्रॅकेट, मध्ये दीड इंची सागाच्या पायऱ्या. मी काही डोळे मिटून उडी मारली नव्हती. उंची मोजली, १०४ इंच. चौदा चढ (तेरा पायऱ्या आणि शेवटचा माळ्यावर) धरले तर एक चढ साडेसात इंचाच्या आत बसतो, म्हणजे बांधकाम संहितेतल्या १९० मिलिमीटरच्या मर्यादेतही. हे सगळं वहीत लिहून सुतारासमोर ठेवलं होतं. आता वाटतं, तिथेच त्याला कळलं असणार की या माणसाला काय माहीत आहे आणि काय नाही.

ओळखीतून आला. गाव विचारलं तर संगमेश्वराकडचा. आमचं देवरुख. झालं, अर्धं काम तिथेच झालं. आईने त्याला चहाबरोबर लाडू दिला. पिशवीतून सागाचा तुकडा काढला, रंधा मारून दाखवला, वास घ्यायला दिला. तो तुकडा अस्सल होता. नमुना कधीच खोटा नसतो हो, खोटा असतो तो माल. नमुन्यावर तारीख टाकून सही घ्या आणि तो स्वतःकडे ठेवा. मी परत देऊन टाकला.

आता मुख्य गोष्ट. पायऱ्या टेम्पोतून उतरल्या तेव्हा प्रत्येक फळीची दोन्ही टोकं लाल ऑक्साइडने रंगवलेली होती. मी विचारलं, "हा रंग कशाला?" तो म्हणाला, "सर, लाकडाचं तोंड उघडं ठेवलं की ते ओल सोडतं आणि फाटतं. चांगला माल आम्ही असाच आणतो." यातलं एक अक्षर खोटं नाही! टोकं खरंच बंद करतात, रंगाने किंवा मेणाने. मला तेवढं माहीत होतं, म्हणून मी मान डोलावली. वर बायकोला समजावूनही सांगितलं. ती म्हणत होती, "अहो, सागाचा वास कुठे येतोय? आपला पाट बघा, अजून येतो." मी म्हटलं, "पॉलिशखाली दबतो वास."

माझ्या खिशात गाडीची किल्ली होती. त्या किल्लीने एका टोकाचा नखाएवढा रंग खरवडला असता तरी पुरे होतं. अखंड लाकडात वरच्या रेषा टोकाशी वळून वर्तुळांना जाऊन मिळतात. प्लायला वरून विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि समोर सागाची पट्टी मारली तरी टोकाला थर दिसतातच. म्हणूनच तर टोकं रंगवली होती. मी तिथे उभा होतो, किल्ली हातात घेऊन खेळत होतो, आणि विचारलं काय, तर "चहा घेणार?" त्याच दुपारी ३८,००० पाठवले. तेही त्याच्या नावावर नाही, "बहिणीच्या क्यूआरवर टाका सर, माझं लिमिट संपलं." तीन हप्ते तीन नावांवर गेले. हे वाचून तुम्ही हसाल, हसा.

हिशेबही तेव्हाच करायला हवा होता. छत्तीस इंच लांब, दहा रुंद, दीड जाड. तेरा फळ्यांचे गुणाकार करून १७२८ ने भागलं की चार घनफुटांच्या किंचित वर येतं. त्याच्या कागदावर ७.२ घनफूट होते. विचारलं तर म्हणाला, घट धरावी लागते. घट असते, पण जवळजवळ निम्मी?

ब्रॅकेटचं वेगळंच. ठरले होते ५० बाय ५० चे, सहा मिलिमीटर जाड. आले ते काळ्या पावडर कोटिंगमध्ये, कडा गोल झालेल्या, दिसायला जाडजूड. "कोटिंगवाला रोख घेतल्याशिवाय माल सोडत नाही," म्हणून ९,५००. जाडी डोळ्यांनी मोजू नका, वजन करा. सहा मिलिमीटरचा तो अँगल मीटरला साडेचार किलो भरतो.

अँकर बसवले तेव्हा मी ऑफिसात होतो. भोक पाडायचं, पंप आणि ब्रशने धूळ काढायची, मसाला भरायचा, मग तो सुकेपर्यंत वजन द्यायचं नाही, असं त्यानेच मला सांगितलं होतं. जेवणानंतर सुरुवात केली, चारला तो पायऱ्यांवर उभा राहून फोटो काढत होता. जाताना मसाल्याच्या दोन रिकाम्या ट्यूब खिडकीत ठेवून गेला, नजरेस पडतील अशा. संध्याकाळी मी त्या बघून खूश झालो.

गणपतीच्या आठ दिवस आधी भाचा मखराचा खोका घेऊन उतरत होता. नवव्या पायरीवर कट्ट असा आवाज झाला आणि भिंतीकडची बाजू चार बोटं खाली आली. पोरगं वाचलं, गुडघा खरचटला. आई असती तर? हा विचार मी अजून पुरता करत नाही. ब्रॅकेट गिलाव्यासकट सुटून लोंबत होता, आणि भोकात निळी प्लास्टिकची गिट्टी. साधी, पंख्याच्या रेग्युलेटरची पेटी बसवायला वापरतात ती. २६ भोकांचे दर भोकाला १८० रुपये! तो ब्रॅकेट तसाच कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नेला. दहा इंची तुकडा, साडेअकराशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. काटा म्हणाला ५९० ग्रॅम. वाणी म्हणाला, "काय भरताय, बटाटे?"

फोन बंद. कार्डावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान. आणि बिलावरचा जीएसटी क्रमांक मी तेव्हा पहिल्यांदा मोजला. तो पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. याचा २७ ने सुरू होत होता, पण अक्षरं चौदा. पोर्टलवर टाकून बघायला एक मिनिट लागतं. पहिला हप्ता द्यायच्या आधी ते एक मिनिट द्या.

मग पोलीस. ठाण्याचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी: "पैसे तुम्हीच दिलेत ना? काम केलं ना त्याने? मग दिवाणी बाब आहे." मी म्हटलं, काम खराब झालं असतं तर दिवाणी, पण टोकं रंगवून प्लाय सागाच्या भावाने विकणं ही पहिल्यापासूनची फसवणूक आहे, जुनं ४२०, आता न्याय संहितेचं ३१८. उत्तर: "कलमं आम्हाला शिकवायला आलात का?" दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पायरी मात्र बघायलाही तयार नाहीत. मी ती रिक्षातून नेली होती, मीटर दोनदा थांबवून. चौथ्या खेपेला विचारलं काय असेल? "माळ्याची परवानगी आहे का?" म्हणजे फसलो मी आणि कागद दाखवायचे मीच. तेवढ्यात बाकावरचा एकजण म्हणाला, "काका, मिटवून टाका." कोणाशी मिटवू? झेरॉक्सवाल्याशी?

सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटला, घरात येऊन काम करून गेला, हे आमच्याकडे येत नाही. बँक म्हणाली, पिन तुम्ही टाकलात. मोबाइल नंबर कोणाच्या नावावर आहे ते पोलिसांनी मागितलं तर कंपनी सांगणार, आणि पोलीस मागणार नाहीत कारण बाब दिवाणी आहे. मी सरकारी कारकुनी बावीस वर्षं केली आहे. असा गोल चेंडू आमच्याही टेबलावर बनला नव्हता.

ग्राहक आयोगात दावा टाकतोय. पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात दाखल करता येतो. अडचण एकच, नोटीस पाठवायची कुठे? म्हणून सांगतो, आगाऊ देण्याआधी त्याच्या घरी जाऊन या. लाजू नका. आधारची प्रत मागा, पैसे फक्त त्याच नावाच्या खात्यावर टाका, आणि अँकर बसताना एक दिवस रजा काढा. माझी रजा शिल्लक होती, बारा दिवस.

दुसऱ्या सुताराने ३१,२०० सांगितलेत, तिरपी फळी तीच ठेवून. त्याच्या लाकडाचं टोक मी आधी करवतीने कापून घेतलं, त्याला राग आला तरी. आई सध्या शिडीनेच चढते, मी खाली उभा असतो. देव खाली आणूया म्हटलं तर ऐकत नाही. नववी पायरी कॉटखाली ठेवली आहे, वकील म्हणाले पुरावा आहे, हलवू नका. तिच्या एका टोकाचा रंग मी परवा किल्लीने खरवडला. चार सेकंद लागले.