मालवाहू व्हॅनचा कॅम्पर करताना नायट्राइल रबर शीट : कुठे पैसा वसूल, कुठे वाया

जुन्या मालवाहू व्हॅनचा घरच्या घरी कॅम्पर (राहता-झोपता येईल अशी गाडी) करणारे इन्सुलेशनसाठी जी काळी, मऊ, मागून चिकट शीट वापरतात, ती म्हणजे नायट्राइल रबरचा बंद पेशींचा (आतले बुडबुडे एकमेकांना न जोडलेले) फोम. मुळात ही शीट एसीच्या गार पाइपांवर आणि डक्टवर गुंडाळायची. गार धातूवर हवेतलं पाणी जमू द्यायचं नाही हेच तिचं काम, आणि व्हॅनच्या पत्र्याचं दुखणंही नेमकं तेच. म्हणून भिंती आणि छतासाठी आमची पसंती हिलाच. फरशीसाठी मात्र ही घेऊ नका.

नुसती उष्णता अडवण्यात ही शीट काही जगावेगळी नाही. तिची उष्णतावाहकता (जितकी कमी तितकी चांगली) 0.035 वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास. एक्सपीएस (कडक पॉलिस्टायरीन फोमचा) बोर्डही जवळपास तेवढाच, आणि पीयू (पॉलियुरेथेन फोमचा) बोर्ड तर सरस. 19 मिमी शीट लावली की उघड्या पत्र्यातून जाणारी उष्णता साधारण पाव हिश्शावर येते. खरा फरक पडतो तो ओलाव्यात. झोपलेली दोन माणसं रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. आत गॅसवर स्वयंपाक केला, तर एक किलो प्रोपेन जळताना सुमारे 1.6 किलो पाणी तयार होतं. ही वाफ गार पत्र्याला भिडली की पत्र्याला घाम सुटतो आणि गंज आतून सुरू होतो. बोर्ड सपाट, पत्रा वळणदार. त्यामुळे बोर्डामागे पोकळी राहते आणि वाफेला तिथेच जागा मिळते. ग्लास वूल ओली झाली की दबून खाली बसते. फवारायचा पीयू फोम फुगताना पातळ पत्रा बाहेर ढकलतो, आणि एकदा बसला की त्यामागचं काही उघडून बघता येत नाही. ही शीट पत्र्याला बिलगून बसते आणि वाफ आरपार जाऊ देत नाही. जास्तीचे पैसे मोजायचे ते यासाठी.

किती लागेल? आतून 3 मीटर लांब, 1.8 रुंद आणि 1.9 उंच व्हॅन धरा. छताचे 5.4, दोन भिंतींचे 11.4 आणि मागच्या दारांचे साडेतीनच्या आत, म्हणजे एकूण 20 चौरस मीटर. सपाट भागाला 19 मिमी, रिब्जवर (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) 6 किंवा 10 मिमी. रिब्ज उघड्या ठेवल्या तर गारवा तिथूनच आत येतो आणि थेंबही तिथेच धरतात. सगळं मिळून वजन 20 किलोच्या आसपास वाढतं.

शीट सुटते ती बहुतेक वेळा तयारीत कसर राहिल्यामुळे. वापरलेल्या व्हॅनमधलं जुनं प्लायवूड आधी पूर्ण काढा. गंज त्याच्यामागे, खालच्या कडेला असतो. रॅकच्या बोल्टांची भोकं बुजवा. गंज पॉलिश पेपरने चकाकत्या धातूपर्यंत घासा, प्रायमर आणि रंग लावून पूर्ण वाळू द्या. मग बाहेरून पाइपने छतावर आणि खिडक्यांच्या कडांवर पाणी मारा आणि आतून बघा. गळती आत्ताच सापडायला हवी, कारण शीटमागे शिरलेलं पाणी भलत्याच जागी बाहेर येतं. लाकडी पट्ट्यांसाठी लागणारे रिव्हनटही (पत्र्याच्या भोकात पक्के बसणारे, बोल्ट घेणारे नट) आधीच बसवा (एम6 ला 9 मिमीचं भोक, कडेला प्रायमर). शीट लावल्यावर ड्रिल घातलं की फोम त्याला गुंडाळत फाटतो. वायरिंगचे कंड्युट पाइपही याच वेळी ओढून घ्या.

आता चिकटवणं. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलाचा किंवा सिलिकॉन पॉलिशचा अंश राहिला तर गोंद धरत नाही. पत्रा 10 अंश सेल्सियसच्या वर हवा. तुकडा प्रत्येक बाजूला 2-3 मिमी मोठा कापा, नव्या ब्लेडने आणि एका दमात. कागद सगळा एकदम सोलू नका. वरच्या कडेचा 10 सेंमी पट्टा सोलून कड नीट जुळवा, दाबा, मग एका हाताने कागद खाली ओढत दुसऱ्या हाताने रोलर फिरवा. शीट ताणायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. ताणलेला रबर हळूहळू मूळ मापाला येतो आणि सांध्यात फट पडते, मग त्या फटीतून वाफ थेट पत्र्याला. जास्तीचे 2-3 मिमी उलट दाबून बसवायचे, म्हणजे सांधा सतत दाबाखाली राहतो. त्यावर त्याच फोमची 3 मिमी जाडीची, 50 मिमी रुंद चिकटपट्टी. गोंद पूर्ण धरायला एक-दीड दिवस द्या, त्याआधी गाडी उन्हात उभी करू नका.

छत हा या शीटचा कच्चा दुवा. उन्हात पत्रा तापला की गोंद मऊ पडतो आणि मोठे तुकडे पोट काढून लोंबतात. तिथे दोन रिब्जच्या मधल्या मापाचेच तुकडे लावा. त्याहून भरवशाचं म्हणजे चिकट नसलेली शीट घेऊन शीटला आणि पत्र्याला दोन्हीकडे कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह लावणं. त्याची वाफ पेट घेते आणि डोकं गरगरतं, तेव्हा सगळी दारं उघडी आणि जवळ ठिणगी नको.

दारांच्या आत पत्र्यालाच चिकटवा, कुलपाच्या दांड्या मोकळ्या फिरू द्या आणि खालची पाणी निघायची भोकं मुळीच बुजवू नका. आवाज कमी करणारी ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट हवी असेल तर ती आधी, मोठ्या पत्र्याच्या मध्यभागी. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, पाव भाग पुरतो.

फरशीवर ही शीट पलंगाच्या आणि ओट्याच्या पायांखाली दबते, आणि दबली की उपयोग संपला. तिथे एक्सपीएस बोर्ड आणि वर 12 मिमी प्लायवूड घाला. आणि छताला पंखा किंवा झरोका हवाच; शीट वाफेला पत्र्यापासून दूर ठेवते, गाडीबाहेर काढत नाही.