‘६०×६०’ दुर्बीण: छापलेला आकडा आणि पट्टीवर भरलेला आकडा

ऑक्टोबरात ताडोबा, पेंचचे दरवाजे उघडतात, थंडीत भिगवणच्या पाण्यावर पक्षी उतरायला लागतात, आणि मोबाइलवर एकाच प्रकारच्या जाहिरातींचा मारा सुरू होतो. ‘६०×६० एचडी बायनॉक्युलर, डे अँड नाइट व्हिजन, ३००० मीटर रेंज, आज फक्त १,४९९ रुपये.’ सोबतच्या व्हिडिओत चंद्रावरचे खड्डे दिसतात, डोंगरापलीकडच्या माणसाचा चेहरा दिसतो. त्या दुर्बिणीतून तसं काही दिसत नाही. फसणारे बहुतेक जण आयुष्यातली पहिली दुर्बीण घेत असतात, त्यामुळे आपण फसलोय हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘आपल्याच डोळ्यांत काही दोष असेल’ असं समजून दुर्बीण कपाटात जाते आणि पक्षी बघण्याची नुकतीच लागलेली गोडीही तिथेच संपते. पैशांपेक्षा या गोष्टीचं जास्त वाईट वाटतं, म्हणून सगळं मापासकट लिहीत आहोत.

या जाहिरातींत ‘हंटिंग’ हा शब्दही बऱ्याचदा असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. जिथे शिकार कायदेशीर आहे तिथेही लोक गळ्यात अडकवतात ती ८×४२ किंवा १०×४२ चीच दुर्बीण, म्हणजे पक्षी बघणारे वापरतात तीच. त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

आता १,४९९ रुपयांची अशी एक दुर्बीण टेबलावर घेऊ. अंगावर छापलंय ‘६०×६०’ आणि त्याखाली ‘१२६ मी./१००० मी.’. दुर्बिणीवरचा पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते तो, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. म्हणजे इथे भिंग ६० मिलिमीटरचं हवं. शाळेतली साधी पट्टी लावली तर काच भरते ३५ मिलिमीटर. फसवणूक इथेच उघडी पडते, पण एवढ्यावर थांबू नये.

दुर्बीण आधी लांबच्या वस्तूवर फोकस करून घ्यायची. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च डोळ्याकडच्या भिंगापासून वीतभर मागे धरायचा, आणि पुढच्या भिंगासमोर अगदी जवळ पांढरा कागद. कागदावर उजेडाचं गोल वर्तुळ पडतं. भिंगाचा खरोखर कामाला येणारा व्यास तेवढाच असतो. या नगात वर्तुळ भरलं २४ मिलिमीटर. मग ३५ मधले उरलेले ११ गेले कुठे? नळीत डोकावलं तर काळ्या प्लॅस्टिकची एक कडी दिसते. स्वस्त भिंगाच्या कडेने येणारी प्रतिमा फिसकटलेली आणि रंगीत किनारीची असते. ती लपवायला ही कडी बसवून कडेचा उजेड अडवलेला असतो. पुढची मोठी काच निव्वळ दाखवायला.

आता दुसरं माप. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे करायची आणि डोळ्याकडच्या भिंगात बघायचं. तिथे प्रकाशाचं छोटं वर्तुळ दिसतं. पट्टी आडवी लावून ते मोजायचं. इथे भरलं ३ मिलिमीटर. मघाचे २४ भागिले ३, उत्तर ८. म्हणजे ६०×६० म्हणून विकलेली ही वस्तू प्रत्यक्षात ८×२४ आहे.

‘१२६ मी./१००० मी.’ याचा अर्थ एक किलोमीटरवर १२६ मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत दिसतो. एक किलोमीटरवर एक अंश म्हणजे साधारण साडेसतरा मीटर, तेव्हा १२६ मीटर म्हणजे ७.२ अंश. ८ पटीच्या दुर्बिणीला हा आकडा शोभतो. पण ६० पटीच्या दुर्बिणीवर तो छापला तर ७.२ गुणिले ६०, म्हणजे डोळ्यासमोर ४३२ अंशांचा देखावा उभा राहायला हवा. अख्खं वर्तुळच ३६० अंशांचं असतं! छापणाऱ्याने आकड्यांचा एकमेकांशी मेळसुद्धा घातलेला नाही. भिंतीवर मोजपट्टी चिकटवून बरोबर १० मीटरवरून बघितलं, तर या नगातून एका वेळी ९५ सेंटिमीटर दिसतात. म्हणजे एक किलोमीटरवर ९५ मीटर, साडेपाच अंशांच्या आतच. पाइपातून बघितल्यासारखं वाटतं ते यामुळे.

तसं पाहिलं तर खरोखरची ६० पटीची दुर्बीण मिळाली तरी ती हातात धरून वापरता येणार नाही. हाताची थरथरही तितकीच पट मोठी होते. हातात धरायची मर्यादा १० पट. जिप्सीत उभं राहून, इंजिन सुरू असताना, ८ पटच बरी.

३ मिलिमीटरचं ते वर्तुळ लक्षात ठेवा, कारण सफारीची खरी निराशा तिथून येते. भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडलेली असते, तेव्हा ही दुर्बीण चालून जाते. दुकानदार उन्हातच दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण वाघ, अस्वल, रानकुत्री दिसतात पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि तेव्हा बाहुली पाच मिलिमीटरच्या आसपास उघडते. ८×४२ च्या प्रामाणिक दुर्बिणीतून येणारं वर्तुळ ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचं. क्षेत्रफळ काढलं तर तो उजेड ३ मिलिमीटरवाल्याच्या तिप्पट होतो. बांबूच्या जाळीत पडलेलं जनावर दिसणं आणि न दिसणं, इतका हा फरक आहे. दुकानात गेलात तर दुर्बीण उन्हात बघू नका. जिन्याखालच्या किंवा गोडाऊनच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखा आणि खोक्यावरची अक्षरं वाचता येतात का बघा.

लाल-केशरी चमकणाऱ्या भिंगांना ‘रुबी कोटिंग’ म्हणून जास्त भाव लावतात. साधी गोष्ट आहे: भिंग लाल चमकतं म्हणजे लाल प्रकाश परत फेकतं, तो आपल्या डोळ्यापर्यंत येतच नाही. आतून सगळं निळसर-हिरवट दिसतं. तांबट पक्ष्याच्या कपाळावरचा लाल टिळा मळकट होतो, वाघाचा केशरी रंग मातकट. चांगल्या लेपाची (कोटिंगची) चमक फिकी असते, हिरवी किंवा जांभळी. घरातली ट्यूबलाइट भिंगात बघायची. तिची जी अनेक प्रतिबिंबं दिसतात त्यांतली एखादी ठळक पांढरी असेल तर त्या पृष्ठभागावर लेपच नाही.

लेप इतका महत्त्वाचा का, तर दुर्बिणीच्या एका नळीत हवा आणि काच भेटतात अशा दहा जागा सहज असतात. लेप नसलेली प्रत्येक जागा सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवते, आणि दहा जागांनंतर शंभरातले ६६ उरतात. एकपदरी लेपाने दर जागी दीड टक्का धरला तर ८६, आणि सगळीकडे बहुपदरी लेप असेल तर ९५ च्या घरात. शब्दांचा खेळ इथेच चालतो. ‘कोटेड’ म्हणजे काही जागी एक पदर. ‘फुली कोटेड’ म्हणजे सगळीकडे, पण एकच पदर. ‘मल्टिकोटेड’ म्हणजे कुठेतरी अनेक पदर, बाकीचं देव जाणे. आपल्याला हवं ते ‘फुली मल्टिकोटेड’, हे दोन्ही शब्द एकत्र.

‘नाइट व्हिजन’बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खऱ्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक पडदा आणि बॅटरी लागते. नुसत्या काचेच्या दुर्बिणीवर ते शब्द छापलेले असतील तर ते खोटं आहे. ‘१०–७०×७०’ असली झूमवाली दुर्बीणही टाळा. ७० पटीवर वर्तुळ एक मिलिमीटरचं उरतं, आणि स्वस्त नगात दोन्ही नळ्यांचा झूम एकसारखा फिरत नाही, त्यामुळे डावा डोळा एक बघतो आणि उजवा दुसरंच.

मग थोड्या पैशांत घ्यायचं काय? दुर्बिणी दोन घडणींच्या. पोरो लोलकाची (लोलक म्हणजे आतला प्रकाश वळवणारा प्रिझम) म्हणजे जुन्या सिनेमातल्यासारखी खांदे असलेली, आणि रूफ लोलकाची म्हणजे सरळ नळीची. सरळ नळी दिसायला देखणी आणि हाताळायला सुटसुटीत, पण नेहमीच्या सरळ नळीत लोलकाच्या एका बाजूला आरशाचा लेप लागतो आणि शिवाय ‘फेज कोटिंग’ लागतं. ते नसेल तर बारीक पिसं, पानांच्या शिरा पुसट दिसतात. या दोन्हींचा खर्च येतो, आणि स्वस्त नगात नेमके तेच वगळतात. पोरोला दोन्हींची गरजच नसते. म्हणून दहा हजारांच्या आत बजेट असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: पोरो घ्या, ८×४० किंवा ८×४२. निकॉन अक्युलॉन ए२११ ८×४२ आणि ऑलिंपसची ८×४० डीपीएस या त्या जातीच्या. यांची उणीवही सांगायला हवी. डोळा भिंगापासून सुमारे १२ मिलिमीटरवर ठेवावा लागतो, त्यामुळे चष्मा लावून बघणाऱ्याला पूर्ण देखावा दिसत नाही. चष्मेवाल्यांनी माहितीपत्रकात हेच अंतर, म्हणजे ‘आय रिलीफ’, १६ मिलिमीटर किंवा जास्त आहे का ते बघावं आणि थोडं थांबून, पैसे साठवून, फेज कोटिंग लिहिलेली सरळ नळी घ्यावी. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात फिरणाऱ्यांनाही नायट्रोजन भरलेली जलरोधक नळीच लागेल, कारण साध्या पोरोत ओल शिरते.

पोरोतही लोलकाची काच बघायची. डोळ्याकडच्या भिंगात दिसणारं ते उजेडाचं वर्तुळ पूर्ण गोल असेल तर बॅक-४ ही चांगली काच असण्याची शक्यता जास्त. कडा कापल्यासारख्या, पतंगासारखा चौकोन आणि बाजूला करड्या सावल्या दिसल्या तर हलकी बीके-७. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, वर्तुळ बघून ठरवा.

ब्रँडेड असली तरी तो विशिष्ट नग तपासूनच घ्यावा. आधी उजवा डोळा झाकून मधल्या चक्राने डाव्याचा फोकस लावायचा, मग डावा झाकून उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून उजव्याचा. आता लांबची विजेची आडवी तार बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर लांब न्या. दोन वर्तुळं वेगळी होतील. एका वर्तुळातली तार दुसऱ्यातल्या तारेच्या सरळ रेषेत हवी. वर-खाली असेल तर नळ्या एकमेकींना समांतर नाहीत. आपले डोळे ओढाताण करून दोन्ही चित्रं जुळवतात खरे, पण दहा मिनिटांत कपाळ दुखायला लागतं. हलक्या दुर्बिणींत लोलक गोंदाच्या ठिपक्यावर टेकवलेला असतो, कुरिअरमधल्या एका आपटण्यात तो सरकतो. असा नग दुरुस्तीच्या फंदात न पडता बदलूनच घ्या.

‘मिलिटरी’, ‘रशियन’, ‘जर्मन’ म्हणून जुन्या बाजारात मिळणाऱ्या दुर्बिणींचं प्रकरण वेगळं आहे. त्यांत खरोखर उत्तम माल असू शकतो, आणि नामांकित जर्मन नाव कोरलेली बनावटही असते. पुढच्या भिंगातून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, आणि ती वाढली की लेप खाते. दोन भिंगांच्या जोडात इंद्रधनुषी डाग किंवा बुडबुडे दिसले तर जोड सुटतोय. यांपैकी काहीही असेल तर परत ठेवा, भाव कितीही पाडून मिळाला तरी.

पैशांच्या बाजूची खबरदारी. आयात मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीचा संपर्क छापलेला असणं कायद्याने बंधनकारक आहे. १,४९९ रुपयांच्या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं. संकेतस्थळ नवीन, पत्ता नाही, परत घेण्याची अट धूसर, आणि ‘थोडी रक्कम आगाऊ भरा’ असं असेल तर तिथेच थांबा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, लेबलपासून सुरुवात करून. ‘रिफंड देतो’ म्हणून फोन आला आणि क्यूआर स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. असा पिन देऊन बसला असाल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

वस्तू खोटी निघाल्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, १९१५ वर. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीला बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडाच, पण त्यासोबत दोन फोटोही जोडा: ‘६०×६०’ या छापील आकड्याशेजारी पट्टी लावलेलं ३५ मिलिमीटरचं भिंग, आणि कागदावरचं २४ मिलिमीटरचं उजेडाचं वर्तुळ, त्यावरही पट्टी ठेवून.