निसर्गोपचारतज्ज्ञ की फॅमिली डॉक्टर: ‘संपूर्ण शरीर’ नेमकं कोण बघतं?

४२ वर्षांची एक बाई आहे असं समजा. सहाएक महिने अंगात त्राण नाही, वजन वाढलंय, पोट साफ होत नाही, केस गळतायत, पाळीत रक्तस्राव जास्त होतो, आणि बाकीच्यांना उकडत असताना हिला थंडी वाजते. हीच गाऱ्हाणी घेऊन ती आधी निसर्गोपचारतज्ज्ञाकडे गेली आणि मग फॅमिली डॉक्टरकडे, तर दोन्हीकडे काय घडेल?

निसर्गोपचाराची पहिली भेट तास-दीड तासाची असते. झोपायला किती वाजतात, मध्ये जाग येते का, उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, शौचाला रोज होतं का आणि कसं होतं, दिवसभरात काय काय खाल्लं, घरात कोण आजारी आहे, लहानपणी कुठली दुखणी झाली, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, सगळं विचारलं जातं. जीभ, नखं, त्वचा पाहिली जाते. मग पचन, संप्रेरकं, झोप आणि ताण यांचा एकमेकांशी संबंध जोडायला सुरुवात होते. त्यामागे या शास्त्राची जाहीर तत्त्वं आहेत: शरीराच्या स्वतःला बरं करण्याच्या शक्तीवर विश्वास, लक्षणापेक्षा कारणावर इलाज, अपाय न करणं, रुग्णाला शिकवणं, संपूर्ण माणसावर उपचार आणि प्रतिबंध. तत्त्वं म्हणून यातल्या एकाशीही भांडण करावंसं वाटत नाही.

डॉक्टरकडे दहा-पंधरा मिनिटं मिळतात. प्रश्न मोजकेच. पण डॉक्टर चांगला असेल तर त्या वेळात नाडी मंद असल्याचं त्याच्या लक्षात येतं, मानेवर हात फिरवून तो थायरॉईड ग्रंथी चाचपतो, घोट्यामागे छोटी हातोडी मारून पाय किती सावकाश परत येतो ते पाहतो, आणि टीएसएच (थायरॉईड कशी चालते ते दाखवणारं संप्रेरक), हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), साखर एवढ्या तपासण्या लिहून देतो. टीएसएच बराच वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉईड मंदावलेली असली, तर थकवा, बद्धकोष्ठता, केस, पाळी, थंडी, वजन या सगळ्याचा उलगडा एकाच ग्रंथीत होतो. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर त्याचंही मूळ तिथेच असू शकतं.

म्हणूनच निसर्गोपचारवाल्यांचं ‘डॉक्टर फक्त अवयव बघतात, आम्ही माणूस बघतो’ हे वाक्य मला पटत नाही. शरीराच्या एका संस्थेतला बिघाड दुसरीत कसा उमटतो हे समजून घेणं हेच तर अंतःस्रावशास्त्राचं, म्हणजे संप्रेरकांच्या वैद्यकाचं, काम आहे. मनाचा आणि परिस्थितीचा विचारही आधुनिक वैद्यकात परका नाही. अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी आजाराचा जैविक, मानसिक आणि सामाजिक असा तिहेरी विचार १९७७ सालीच मांडला होता. तो दहा मिनिटांच्या भेटीत बसत नाही, ही खरी अडचण आहे. माझ्या मते फरक दोनच गोष्टींत आहे: ऐकायला वेळ कोणाकडे आहे, आणि ‘याचा त्याच्याशी संबंध आहे’ असं म्हटल्यावर तो संबंध तपासायची रीत कोणाकडे आहे. पहिल्यात निसर्गोपचार बहुतेक वेळा जिंकतो. दुसऱ्यात तो कुठे जातो हे समोरच्या तज्ज्ञावर फार अवलंबून असतं.

काही निसर्गोपचारतज्ज्ञ साध्या रक्ततपासण्याच मागवतात, काहीजण मात्र वेगळ्या वाटेला जातात, म्हणून निदानाच्या साधनांकडे नीट बघायला हवं. बुबुळातल्या खुणांवरून अवयवांची अवस्था ओळखण्याची पद्धत घ्या. १९७९ मध्ये १४३ जणांच्या डोळ्यांचे फोटो अशा जाणकारांना दाखवले गेले. त्यातल्या ४८ जणांना मूत्रपिंडाचा गंभीर आजार होता. आजारी कोण आणि निरोगी कोण हे त्यांना वेगळं काढता आलं नाही. केसांवरून खनिजं मोजण्याची गत तशीच: एकाच व्यक्तीच्या केसांचा नमुना अमेरिकेतल्या सहा प्रयोगशाळांना दिला, तर निकाल एकमेकांशी जुळेनात (२००१). अन्न सोसत नाही म्हणून केली जाणारी आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटिबॉडीची) तपासणी त्याहून फसवी, कारण ती खरोखर काहीतरी मोजते. पण ते अँटिबॉडी तुम्ही तो पदार्थ खाल्लेला आहे एवढंच सांगतात, आणि ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी करू नका असंच सांगतात. तिच्या जोरावर बारा-पंधरा पदार्थ बंद केलेला माणूस बारीक होतो. आजार असेल तर तो जागचा हलत नाही.

आपल्या बाईला आणखी एक निदान ऐकायला मिळण्याची शक्यता दाट आहे: ‘अ‍ॅड्रिनल थकवा’. म्हणजे ताणामुळे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथी दमल्या. ऐकायला पटतं, कारण ताण तर प्रत्येकालाच असतो. २०१६ मध्ये ५८ अभ्यासांचा आढावा घेतला गेला तेव्हा अशा आजाराला आधार मिळाला नाही. या ग्रंथी खरोखर निकामी होतात तो ॲडिसनचा आजार, आणि तो जिवावर बेतू शकतो. सर्वसमावेशक वाटणारं निदान मिळालं की माणूस पुढचं शोधायचं थांबवतो. धोका तिथे आहे.

उपचाराकडे आलं की चित्र पालटतं. निसर्गोपचारात पायऱ्या असतात: आधी झोप, आहार, हालचाल, ताण, मग सौम्य उपाय, मग वनस्पती आणि पूरकं, आणि सगळ्यात शेवटी औषधं किंवा शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्याकडे पाठवणी. रक्तदाब थोडा वर, साखर सीमेवर, पोट सुटलेलं, झोप अर्धवट, अशा माणसाला हा क्रम मानवतो. कॅनडात टपाल कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत (२०१३) २४६ जण होते. काहींना नेहमीच्या देखभालीसोबत वर्षभर निसर्गोपचारतज्ज्ञांचा सल्ला मिळाला, काहींना फक्त नेहमीची देखभाल. वर्षअखेरीस पहिल्या गटाची पुढच्या दहा वर्षांतली हृदयविकाराची जोखीम सुमारे ७.७ टक्के निघाली, दुसऱ्याची १०.८. फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मात्र पहिल्या गटाला भेटी आणि लक्ष दोन्ही जास्त मिळालं होतं, त्यामुळे श्रेय निसर्गोपचाराचं किती आणि कुणीतरी पाठपुरावा केल्याचं किती, हे यातून सुटं करता येत नाही. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर कदाचित फारसं बिघडत नाही. पाठपुरावा तरी दुसरीकडे कुठे मिळतोय?

थायरॉईडच्या रुग्णाला मात्र या पायऱ्या उलट्या चढाव्या लागतात. ग्रंथी संप्रेरक बनवत नसेल तर ते गोळीतूनच द्यावं लागतं, झोप सुधारून ते तयार होत नाही. ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची, आणि लोह किंवा कॅल्शियम चालू असेल तर मध्ये चारेक तास जाऊ द्यायचे, नाहीतर शोषणात घोळ होतो. दोन्हीकडे उपचार चालू असतील आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसेल, तर बिघाड इथूनच सुरू होतो. निसर्गोपचारतज्ज्ञाने केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व दिलं असं धरा. प्रौढाची दिवसाची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, केसांच्या गोळ्यांत बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट. एवढं बायोटिन रक्तात असलं की काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ (थायरॉईडचं संप्रेरक) खोटा जास्त दिसू शकतो. डॉक्टरला वाटतं गोळीचा डोस जास्त झाला, तो कमी करतो, आणि बाई पुन्हा थकते. यावर उपाय साधा आहे: तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन थांबवायचं आणि डॉक्टरला सांगायचं. सेंट जॉन्स वर्टची गोष्ट आणखी नाजूक. मन हलकं करायला दिली जाणारी ही वनस्पती गर्भनिरोधक गोळ्या, रक्त न गोठण्यासाठीचं वॉरफरिन आणि अवयव प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनचा परिणाम कमी करते. ‘नैसर्गिक आहे’ हे तिथे उत्तर होत नाही.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. पाटी एकच असली तरी तिच्यामागची तयारी देशागणिक बदलते. भारतात बीएनवायएस ही निसर्गोपचार आणि योगाची साडेपाच वर्षांची पदवी आहे. उत्तर अमेरिकेत पदवीनंतर चार वर्षांचं शिक्षण आहे, पण परवाना प्रत्येक राज्यात मिळत नाही. जर्मनीत हाइलप्राक्टिकर (डॉक्टर नसलेले परवानाधारक उपचारक) १९३९ च्या कायद्याखाली आरोग्य खात्याची परीक्षा देतात, ठरावीक अभ्यासक्रमाची सक्ती नाही. काही ठिकाणी तर कुणीही पाटी लावू शकतं. तेव्हा प्रमाणपत्र बघायला संकोचू नका.

मग आधी कुणाकडे जायचं? तक्रार नवी असेल, वाढत असेल, किंवा सोबत ताप, न कळता घटलेलं वजन, रक्त, गाठ, धाप यांतलं काही असेल तर डॉक्टरकडे, आणि आजच. कर्करोगाचं निदान झालेलं असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही: २०१८ च्या एका अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असूनही फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूची जोखीम नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट दिसली. निदान पक्कं आहे, औषधं चालू आहेत, पण जगण्याची घडी बसत नाही, किंवा सगळ्या तपासण्या होऊनही बरं वाटत नाही आणि कुणी पूर्ण ऐकून घेत नाही, अशा वेळी निसर्गोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात मला काहीच वावगं वाटत नाही. मी तर म्हणेन, सांधे, झोप, पोटाचा जुना त्रास अशा रेंगाळणाऱ्या दुखण्यांत तो तास-दीड तास वाया जात नाही. फक्त रिपोर्टची फाईल आणि सगळ्या गोळ्यांच्या, पूरकांच्या बाटल्या दोन्हीकडे न्या.

पहिल्या भेटीत दोघांनाही एकच प्रश्न विचारा: हा उपाय लागू पडला नाही हे कधी आणि कशावरून ठरवायचं? ‘सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघू, तोवर थकवा जरासुद्धा कमी झाला नाही तर दुसरं कारण शोधू’ हे उत्तर झालं. ‘चार आठवडे झोपेची नोंद ठेवा, फरक नसेल तर हे बंद’ हेही झालं. ‘शरीराला त्याचा वेळ द्या’ एवढंच ऐकू आलं, तर तारीख मागा.