ऑनलाइन आवाहन की देणगी मैफल? एका तरुण पेटीवादकाच्या उपचारांसाठी निधी उभारताना

दुर्मिळ जनुकीय आजार असलेल्या तरुण कलावंतासाठी निधी उभा करायचे ठरले की दोन वाटा समोर येतात: मोबाइलवरच्या निधिसंकलन मंचावर आवाहन टाकणे, किंवा देणगी प्रवेशिका छापून गावात मैफल करणे. आमच्या भजनी मंडळातल्या पेटी वाजवणाऱ्या मुलासाठी आम्ही दोन्ही करून पाहिले आहे, आणि माझा कौल मैफलीकडे आहे. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

या मुलाला गौचर आजार आहे. एक विशिष्ट मेद मोडणारे एन्झाइम शरीरात पुरेसे तयार होत नाही, त्यामुळे तो मेद साठून प्लीहा आणि यकृत वाढते व हाडे ठणकतात. मांडी घालून पेटीवर वाकले की पोटावर दाब येतो, म्हणून हल्ली तो पेटी टेबलावर ठेवून खुर्चीत बसून वाजवतो. हे एन्झाइम साधारणपणे दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागते, तेही जन्मभर, आणि मात्रा वजनावर ठरते. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली परळच्या केईएम रुग्णालयासारख्या, या आजारांसाठी नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रातून 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. परंतु मोठ्या वयाच्या रुग्णाला ती फार दिवस पुरत नाही. म्हणजे एकदाच मोठी रक्कम जमवून भागत नाही, पैसा येत राहावा लागतो.

ऑनलाइन आवाहनाचा वेग मान्य केलाच पाहिजे. पुण्यात आणि हैदराबादेत नोकरीला गेलेल्या सोलापूरकरांनी पहिल्या काही दिवसांत भरभरून दिले. नंतर मात्र ओघ आटला. तरीही माझे मन फिरले ते दुसऱ्याच कारणाने. देणगीची रक्कम टाकताच मंचासाठीची ‘टिप’ आपोआप तिच्यात मिळवली जात असे आणि ती शून्यावर आणण्याची सोय एका बारीक यादीत शोधावी लागे. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या एका आजोबांनी नातवाच्या फोनवरून पाचशे रुपये पाठवले आणि मला विचारले, “वरचे पैसे पोराला मिळणार ना?” मला ‘नाही’ म्हणावे लागले. मंचालाही खर्च असतो हे मला पटते, पण ज्याच्या शब्दावर माणसे पैसे देतात त्यालाच असे उत्तर द्यावे लागणे मला फार जड गेले. त्यानंतर कोणाला आवाहनाची लिंक पाठवायला माझा हात धजावला नाही.

मैफलीचा व्याप मोठा आहे, हे आधीच सांगतो. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाची तारीख, ध्वनियोजना, दारोदार प्रवेशिका नेणे, हे सगळे करणारी माणसे हवीत. पण कलावंतांनी बिदागी घेतली नाही आणि स्मरणिकेला चादर-टॉवेलच्या कारखानदारांच्या जाहिराती मिळाल्या की खर्च बराचसा भरून निघतो. शिवाय मुलगा स्वतः रंगमंचावर बसला. त्याने यमन वाजवला, आणि लोकांनी त्याला आजारी पोर म्हणून न ऐकता वादक म्हणून ऐकले. दाद मिळाली तीही जागा ओळखून मिळाली. मध्यंतरात आम्ही दरमहा देणगीचे अर्ज ठेवले होते. ते भरणारी बहुतेक मंडळी आजही पैसे देतात, कारण पेठेत मुलगा भेटला की ती त्याची चौकशी करतात.

हाडाची शस्त्रक्रिया अचानक ठरली आणि हातात आठवडाच असेल, तर अर्थातच ऑनलाइन आवाहन करावे. मात्र पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातील असे पाहावे. एरवी वेळ असेल तर मैफलच घ्यावी, असे मला वाटते. प्रवेशिका छापण्यापूर्वी एखाद्या नोंदणीकृत न्यासाचा ठराव आणि पावतीपुस्तक हाताशी असू द्यावे, कारण व्यक्तीच्या नावे दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरातली 80 जी ची सवलत मिळत नाही आणि कारखानदार पहिला प्रश्न तोच विचारतात. दोन हजारांवरची रक्कम रोखीने दिल्यास तीही या सवलतीत बसत नाही, तेव्हा मोठ्या देणग्या धनादेशानेच घ्याव्यात.