क्वांटमसाठी आज पैसे मोजावेत का? नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींच्या हिशेबाने

सॉफ्टवेअरच्या कोटेशनमध्ये ‘क्वांटम’ हा शब्द शिरला की खालचा आकडा फुगतो. तो द्यायचा की नाही, हे काम कोणतं आहे त्यावर ठरवावं. गणित करून घ्यायचं असेल तर आज एक रुपयाही देऊ नका. कागदपत्रं सुरक्षित ठेवायची असतील तर मात्र क्वांटम यंत्र तयार होण्याची वाट बघत बसू नका.

आधी गणित. हंगामात निफाड-दिंडोरीच्या वीस बागांमधली द्राक्षं ऊन चढायच्या आत पॅकहाऊसच्या प्री-कूलिंगला पोचवायची आहेत. एकच पिकअप धरली तरी वीस थांब्यांचे क्रम होतात २४ वर १७ शून्यं इतके. विक्रेता इथेच सांगतो, की क्वांटम कॉम्प्युटर हे सगळे क्रम एकदम तपासतो. हे अर्धसत्य आहे. क्युबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधले माहितीचे सर्वांत लहान घटक, अनेक अवस्थांच्या मिश्रणात राहतात खरे, पण मोजायला गेलं की हाती एकच उत्तर लागतं आणि ते कोणतंही असू शकतं. चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतील आणि बरोबरचं वर येईल, अशी युक्ती त्या-त्या प्रश्नासाठी सापडावी लागते. मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यासाठी पीटर शोर यांना ती १९९४ मध्ये सापडली. गाड्यांच्या फेऱ्यांसाठी तेवढ्या ताकदीची युक्ती अजून कोणाकडे नाही. ग्रोव्हर यांची १९९६ ची पद्धत इथे लावता येते, पण ती पायऱ्या वर्गमूळाइतक्याच खाली आणते. म्हणजे दीड अब्ज पायऱ्या उरतात, आणि त्याही बिनचूक पार पडायला हव्यात.

बिनचूकपणाचीच तर बोंब आहे. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक थांबा आणि त्याचा क्रमांक यांच्या जोडीला एक क्युबिट लागतो: २० गुणिले २०, म्हणजे ४००. आयबीएमच्या २०२३ च्या कॉन्डोर चिपवर १,१२१ क्युबिट होते, तेव्हा प्रश्न मावतो असं वाटेल. पण ‘एका थांब्याला एकच क्रमांक, एका क्रमांकावर एकच थांबा’ एवढी अट घालायलाच क्युबिटच्या ७,६०० जोड्या लावाव्या लागतात. हजार जोडण्यांमागे तीन चुका धरल्या, तर हजार जोडण्या निर्धोक होण्याची शक्यता शंभरात पाच. ७,६०० जोडण्यांना ती अब्जात एकाच्याही खाली जाते.

दुसऱ्या बाजूला गुगलचं ऑर-टूल्स, म्हणजे फेऱ्या आणि वेळापत्रकं आखणारं साधं सॉफ्टवेअर. मोफत आहे, ऑफिसातल्या साध्या कॉम्प्युटरवर चालतं आणि वीस थांब्यांना काही सेकंद पुरतात. गाड्या वाढवा, क्रेटची मर्यादा घाला, बागांच्या वेळा घाला, तरी वापरण्याजोगं उत्तर येतं. मजुरांची टोळी तासभर उशिरा आली तर पुन्हा चालवायचं, इतकंच. (टोळी वेळेवर आणणारं यंत्र मात्र दोन्हीकडे नाही.)

मग क्वांटमचा सगळा बोलबाला पोकळ आहे का? तसं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गुगलने १०५ क्युबिटची विलो चिप जाहीर केली. तिच्यात चूक दुरुस्त करणारी क्युबिटची जाळी ३×३ वरून ५×५ आणि मग ७×७ केली, तेव्हा दर टप्प्याला चूक निम्म्याच्या खाली आली. क्युबिट वाढवले की चुका वाढण्याऐवजी घटतात, हे दिसणं मोठं आहे. पुढे रेणूंची गणितं, म्हणजे औषधं, खतं, बॅटरीचे पदार्थ, इथे फायदा होईल असं मला वाटतं. तो आपल्यापर्यंत तयार मालातून येईल, सर्व्हर रूममधून नाही. घरात कोणी इंजिनिअरिंगला असेल तर किस्किट हे आयबीएमचं क्वांटम प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जरूर शिकू द्या.

आता सुरक्षा. आज वापरात असलेलं आरएसए-२०४८ हे कुलूप मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड आहे यावरच टिकून आहे, म्हणजे शोर यांची युक्ती इथेच लागू पडते. ते फोडायला २ कोटी क्युबिट आणि आठ तास लागतील, असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. तो मांडणाऱ्यांपैकी गुगलच्या क्रेग गिडनी यांनी २०२५ मध्ये तो १० लाखांच्या आत आणि आठवड्याभराच्या आत आणला. एवढं यंत्र अजून कोणाकडे नाही. पण आज चोरून साठवलेली फाइल ते यंत्र आल्यावर उघडता येईल. म्हणून फाइल किती वर्षं गुप्त राहायला हवी, ते आधी बघा. द्राक्षाचे यंदाचे भाव पुढच्या हंगामात शिळे झालेले असतात. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्याकडच्या ड्रॉइंगचं तसं नाही, ती वीस-पंचवीस वर्षं जपावी लागतात.

यावरचा उपाय क्वांटम यंत्र नव्हे. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम यंत्रालाही फोडता येऊ नये अशा नव्या एन्क्रिप्शनची तीन प्रमाणकं जाहीर केली आहेत, ती साध्या कॉम्प्युटरवरच चालतात आणि त्यातलं एमएल-केम (दोन कॉम्प्युटरनी आपसात गुप्त किल्ली ठरवण्याची पद्धत) क्रोम ब्राउझरमध्ये आलेलंही आहे. ड्रॉइंगवाल्यांनी वार्षिक देखभाल कराराचं (एएमसी) नूतनीकरण करताना व्हीपीएन आणि बॅकअपवाल्याला लेखी विचारावं: एमएल-केम कधी देणार, आणि त्याचे वेगळे पैसे का?