लाल लेझरचा एपीसी ड्रायव्हर बोर्ड: घ्या, पण आधी रेझिस्टर टाका

६५० नॅनोमीटर, ५ मिलिवॅटच्या तीन पायांच्या डायोडसाठी हा बिनब्रँडचा एपीसी (ऑटोमॅटिक पॉवर कंट्रोल, म्हणजे प्रकाश आपोआप स्थिर ठेवणारा) बोर्ड पैसे वसूल आहे. डायोड तापला की थ्रेशोल्ड, म्हणजे लेझर सुरू व्हायला लागणारा किमान करंट, वर सरकतो. नुसत्या स्थिर करंटवर प्रकाश तेव्हा मंदावतो. इथे लेझरच्याच डबीतल्या, प्रकाश मोजणाऱ्या फोटोडायोडचा करंट बघून ड्रायव्हर लेझरचा करंट वाढवतो.

गोची ट्रिमपॉटची, म्हणजे पॉवर ठरवणाऱ्या फिरत्या रेझिस्टरची. रोध कमी तितकी पॉवर जास्त, म्हणून पॉट शून्याला टेकला की डायोड गेलाच. मेलेला डायोड विझतही नाही, एलईडीसारखा फिकट उजळत राहतो! ड्रायव्हर ज्याच्याशी तुलना करतो तो रेफरन्स ०.५ व्होल्ट आणि ५ मिलिवॅटला मॉनिटर करंट (फोटोडायोडचा करंट) ०.२ मिलिअँपिअर असेल, तर पॉटला सीरिजमध्ये २.७ किलोओहम टाका; पॉट शून्यावर गेला तरी पॉवर ४.६ मिलिवॅटवर थांबते. मॉनिटर करंट मात्र नगागणिक बराच बदलतो, त्यामुळे पॉवर मीटरशिवाय हे आकडे पक्के धरू नका.

फोटोडायोडचा सांधा कच्चा राहिला तर फीडबॅक तुटतो आणि ड्रायव्हर पूर्ण करंट ढकलतो. पितळी हाउसिंगही हवंच. त्याशिवाय उष्णता आणि करंट एकमेकांना चढवत नेतात.

पाचपैकी साडेतीन.